पावणेचोवीस कोटी डॉलरचा चेक आणि फॅम्यूची खुर्ची

४ मे २०२४. फ्लोरिडाची राजधानी टॅलाहासी. फ्लोरिडा ए अँड एम युनिव्हर्सिटीचा पदवीदान समारंभ चालू आहे, गाऊन घातलेली पोरं, मागे बसलेले आईबाप, आज्या, आत्या, आणि स्टेजवर एकदम तो पुठ्ठ्याचा भलामोठा चेक आला, आपल्याकडे मॅन ऑफ द मॅचला देतात तसला. आकडा २३ कोटी ७७ लाख ५० हजार डॉलर. देणारा टेक्सासमधला एक तिशीचा तरुण, हेम्पची (भांगेच्याच जातीचं, पण नशा न आणणारं झाड) शेती करणाऱ्या कंपनीचा मालक, आणि त्या दिवशी पदवीदानाचं भाषण करायलाही तोच. टाळ्या, शिट्ट्या, फोटो. कुठल्याही ब्लॅक कॉलेजला (म्हणजे मुळात काळ्या मुलांसाठी काढलेल्या कॉलेजला, हे विद्यापीठ त्यातलंच) आजवर मिळालेली सगळ्यात मोठी देणगी म्हणून बातमी सगळीकडे गेली. त्याच वर्षी जानेवारीत अटलांटाच्या स्पेलमन कॉलेजला १० कोटी डॉलर मिळाले होते तेव्हाच लोकांनी तोंडात बोटं घातली होती आणि हे तर त्याच्या दुपटीहून जास्त.

आठवडाही झाला नसेल, तोवर देणगी 'तूर्तास थांबवली' असं विद्यापीठाला सांगावं लागलं. कारण पैसे असे नव्हतेच. होते ते त्याच्याच कंपनीचे शेअर, कंपनी खाजगी, म्हणजे बाजारात त्या शेअरची खरेदी नाही की विक्री नाही, किंमत काय तर मालक म्हणेल ती. आणि हाच माणूस २०२० मध्ये साऊथ कॅरोलिनातल्या कोस्टल कॅरोलिना युनिव्हर्सिटीला साडेनऊ कोटी डॉलर द्यायला निघाला होता, तेही फिसकटलं होतं. हे काही गुपित नव्हतं, शोधलं असतं तर सापडलं असतं. पण फॅम्यूच्या प्रेसिडेंटनी (प्रेसिडेंट म्हणजे आपल्याकडचे कुलगुरू असं समजा, फक्त अधिकार जास्त आणि पैसा गोळा करायची जबाबदारी तर कितीतरी जास्त; आणि फॅम्यू म्हणजे हेच विद्यापीठ, सगळे तसंच म्हणतात, मीपण तेच म्हणणार) आणि त्यांच्या दोन-चार जवळच्या अधिकाऱ्यांनी गुप्ततेच्या करारावर सह्या केल्या होत्या, त्यामुळे ट्रस्टींच्या बोर्डाला माहीत नाही, देणग्या सांभाळणाऱ्या फाउंडेशनच्या बोर्डाला माहीत नाही, आणि घोषणा थेट स्टेजवरून.

देणग्यांचं काम बघणाऱ्या उपाध्यक्षांनी मे महिन्यातच ते पद सोडलं. १२ जुलैला प्रेसिडेंट लॅरी रॉबिन्सन यांनी आपण जातोय असं जाहीर केलं. ट्रस्टींनी नेमलेल्या वकिलांच्या फर्मचा अहवाल ऑगस्टमध्ये आला, त्याचा सार एवढाच की धोक्याच्या खुणा ढीगभर होत्या, आतल्या लोकांना दिसतही होत्या, तरी गाडी पुढे रेटली.

आता रॉबिन्सन कोण हे ऐकाल तर डोक्याला हात लावाल. अणुरसायनशास्त्रातले पीएचडी, ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीत काम केलेले. १९९१ मध्ये अमेरिकेचे १२वे राष्ट्राध्यक्ष झॅकरी टेलर यांना विषप्रयोग झाला होता का हे बघायला त्यांचे अवशेष थडग्यातून बाहेर काढले होते ना, तेव्हा केसांत आणि नखांत आर्सेनिक किती आहे हे तपासणाऱ्या दोघांपैकी हे एक. (मारण्याइतकं नव्हतं, असं निघालं.) म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी मेलेल्या प्रेसिडेंटच्या नखातलं विष मोजणारा माणूस, आणि त्याला शेअरची किंमत तपासून घ्यावीशी वाटली नाही! मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसलो. मग या विद्यापीठाच्या प्रेसिडेंटांचा मागचा सगळा पट वाचत गेलो आणि हसू ओसरलं. माझं म्हणणं असं की २०२४ चा घोटाळा हा एका भल्या माणसाचा मूर्खपणा आहेच, त्यातून त्यांना सोडायचं कारण नाही, पण ती खुर्चीच अशी बनवलेली आहे की तिच्यावर बसलेल्याला बाहेरून येणारा पैसा देवासारखा वाटायला लागतो. आणि ती बनवली कुणी आणि कशी हे बघायला १८८७ पर्यंत मागे जायला लागतं.

३ ऑक्टोबर १८८७ ला हे कॉलेज सुरू झालं, तेव्हा १५ विद्यार्थी आणि २ शिक्षक. नाव 'स्टेट नॉर्मल कॉलेज फॉर कलर्ड स्टुडंट्स', म्हणजे काळ्या मुलांसाठी सरकारी अध्यापक विद्यालय. पहिले प्रमुख थॉमस डिसेल टकर, मूळचे आफ्रिकेतल्या सिएरा लिओनचे, ओबर्लिन कॉलेजात शिकलेले वकील. १८९० मध्ये केंद्र सरकारने दुसरा मॉरिल कायदा केला. कायदा म्हणतो, शेती आणि तंत्रशिक्षणाच्या कॉलेजसाठी केंद्राचे पैसे पाहिजेत ना, मग एकतर गोऱ्यांच्या कॉलेजात काळ्यांना घ्या, नाहीतर त्यांच्यासाठी वेगळं कॉलेज चालवा आणि पैशांची वाटणी न्याय्य ठेवा. दक्षिणेतल्या राज्यांनी कुठला पर्याय घेतला ते सांगायला नको. १८९१ मध्ये या कॉलेजला त्यातून ७,५०० डॉलर मिळाले, नावात 'इंडस्ट्रियल' शब्द घुसला आणि बिऱ्हाड टॅलाहासीतल्या सगळ्यात उंच टेकडीवर हललं, जिथे आधी एका गव्हर्नरचा मळा होता. 'वेगळं कॉलेज' झालं. 'न्याय्य वाटणी' हे शब्द मात्र लक्षात ठेवा, ते १३० वर्षांनी परत येणार आहेत.

टकर यांना १९०१ मध्ये काढलं. राज्याच्या शिक्षणखात्याची तक्रार होती की हे गृहस्थ सुतारकाम, शेतीकाम शिकवायचं सोडून पुस्तकी शिक्षणावर भर देतात आणि शिक्षक आणतात तेही उत्तरेकडच्या विचारांचे. मग आले नेथन यंग. राज्याला वाटलं असणार की हा आपल्या कामाचा माणूस, कारण ते काळ्यांचे तेव्हाचे मोठे पुढारी बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या टस्कीगी संस्थेत काम करून आलेले, आणि टस्कीगी म्हणजे हाताच्या कामाचं शिक्षण देणारं माहेरघर. पण यंग टस्कीगी सोडून आले होते ते वॉशिंग्टन यांच्याशी नेमकं याच मुद्द्यावर पटलं नाही म्हणून, हे नेमणाऱ्यांनी एकतर विचारलं नाही किंवा ऐकलं नाही.

यंग २२ वर्षं टिकले आणि ती कशी टिकले हे बघण्यासारखं आहे. वरच्यांना दाखवायला शेती, शिवण, सुतारकाम चालू ठेवायचं आणि आतून कॉलेज खरंखुरं कॉलेज बनवत न्यायचं. भांडण नाही, घोषणा नाही. १९०५ मध्ये मुख्य इमारत जळाली, तिच्यात लायब्ररीही गेली, तर अँड्र्यू कार्नेगीकडून १० हजार डॉलर मिळवले आणि १९०८ मध्ये नवी लायब्ररी उभी राहिली. १९०९ मध्ये नाव बदलून 'फ्लोरिडा ॲग्रिकल्चरल अँड मेकॅनिकल कॉलेज फॉर नीग्रोज' झालं. १९१० मध्ये ३१७ विद्यार्थी होते आणि त्या साली पहिल्या पदव्या दिल्या. नावात शेती आणि यंत्र, आणि हातात पदवी. मला यातला बेरकीपणा फार आवडतो.

पण हा खेळ चालणार किती दिवस. १९२१ मध्ये केरी हार्डी गव्हर्नर झाले, राज्याचा सूर कडक झाला, काळ्यांच्या कॉलेजने मजूर आणि कारागीर तयार करावेत, बाकीच्या उचापती करू नयेत. यंग नमले नाहीत आणि १९२३ मध्ये त्यांना घालवलं. मग जे झालं ते कुणाच्या हिशेबात नव्हतं. त्यांच्या जागी आणलेल्या डब्ल्यू. एच. ए. हॉवर्ड यांच्याविरुद्ध विद्यार्थ्यांनी संप केला, वर्ग ओस पडले, कॅम्पसवरच्या इमारतींना आगी लागल्या, आणि हॉवर्ड यांना वर्षभरात जावं लागलं. १९२३ साल, दक्षिणेतलं राज्य, जिथे काळ्या माणसानं फुटपाथवरून खाली उतरून गोऱ्याला वाट द्यायची, तिथे विशीतली काळी पोरं सरकारनं नेमलेला प्रमुख नको म्हणून संप करतायत आणि तो जातोय. फॅम्यूत त्यानंतर जेव्हा जेव्हा 'आमचा प्रेसिडेंट कोण हे तुम्ही कोण ठरवणार' असा आवाज उठला त्याचं मूळ मला इथे दिसतं.

(यंग पुढे मिसूरीतल्या लिंकन युनिव्हर्सिटीत प्रेसिडेंट झाले, ते पण काळ्यांचं सरकारी विद्यापीठ. तिथून १९२७ मध्ये राजकारणानं काढलं, १९२९ मध्ये परत बोलावलं, १९३१ मध्ये परत काढलं. एकाच माणसाला दोन राज्यांनी मिळून तीनदा. काही लोकांचा स्वभाव जात नाही, बरंच आहे.)

१९२४ ला जे. आर. ई. ली आले. पूर्ण नाव जॉन रॉबर्ट एडवर्ड ली, म्हणजे गुलामगिरी टिकवायला लढलेल्या त्या जनरल रॉबर्ट एडवर्ड लीचं नाव आख्खंच्या आख्खं या माणसाच्या पोटात. इतिहास तिकडे असाच विनोद करतो. ली यांची युक्ती वेगळी होती, राज्याच्या तोंडाला लागायचं नाही आणि राज्याच्या भरवशावरही राहायचं नाही, उत्तरेकडच्या श्रीमंतांच्या दानसंस्थांकडून पैसा आणायचा आणि बांधत सुटायचं. १९४४ मध्ये ते पदावर असतानाच वारले तेव्हा ३९६ एकर जागा, ४८ इमारती, ८१२ विद्यार्थी आणि १२२ कर्मचारी असा पसारा होता. वीस वर्षांत केलेलं काम म्हणून जबरदस्त, यात वाद नाही. पण बाहेरचा दाता शोधणे हेच प्रेसिडेंटचं मुख्य काम, ही सवय इथे पक्की झाली. राज्यालाही बरंच पडलं, ते मागणारच नसतील तर द्यायचं कशाला.

मधले विल्यम ग्रे पाच वर्षं होते, ते पटकन ओलांडतो, आणि जॉर्ज गोअरवर येतो कारण या सगळ्या यादीत मला सगळ्यात जास्त अडचणीत टाकणारा माणूस हाच.

गोअर १९५० ते १९६८. यांच्याच काळात १९५३ मध्ये कॉलेजचं युनिव्हर्सिटी झालं. आणि यांच्याच काळात लॉ स्कूल आलंही आणि गेलंही. त्याची गंमत (गंमत कसली) अशी, की १९४९ मध्ये व्हर्जिल हॉकिन्स नावाच्या काळ्या गृहस्थांनी युनिव्हर्सिटी ऑफ फ्लोरिडाच्या लॉ स्कूलला अर्ज केला. बोर्ड ऑफ कंट्रोल, म्हणजे सगळ्या सरकारी कॉलेजांचा मालक, म्हणाला तुम्हाला तिथे घेता येणार नाही पण थांबा, फॅम्यूत काळ्यांसाठी वेगळं लॉ स्कूल काढतो. १९५१ मध्ये काढलं. म्हणजे ते निघालंच मुळी हॉकिन्सना आत घ्यायला लागू नये म्हणून. हॉकिन्स कोर्टात लढत राहिले, सुप्रीम कोर्टात जिंकले, तरी फ्लोरिडाने त्यांना आत घेतलंच नाही, शेवटी १९५८ मध्ये गोऱ्यांच्या लॉ स्कूलची दारं इतर काळ्यांना उघडावीत या बदल्यात त्यांनी स्वतःचा अर्ज मागे घेतला. आणि दारं उघडल्यावर मग फॅम्यूचं लॉ स्कूल कशाला हवं? १९६५ मध्ये सांगितलं नवीन प्रवेश बंद, १९६६ मध्ये त्याच गावात, रेल्वेरुळांच्या पलीकडे म्हणा हवं तर, फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीत नवंकोरं लॉ स्कूल सुरू झालं, आणि १९६८ मध्ये फॅम्यूची शेवटची बॅच बाहेर पडली. दिलं तेव्हाही विचारलं नव्हतं, घेतलं तेव्हाही नाही. गोअर प्रेसिडेंट होते, पण यातल्या एकाही निर्णयावर त्यांचं काही चाललं नाही.

आणि मधेच २६ मे १९५६. फॅम्यूच्या दोन विद्यार्थिनी गर्दीच्या सिटी बसमध्ये पुढच्या बाजूला गोऱ्या बाईशेजारी रिकामी जागा होती तिथे बसल्या, ड्रायव्हर म्हणाला मागे जा, त्या म्हणाल्या पैसे परत दे उतरतो, अटक झाली. दुसऱ्या दिवशी त्या राहायच्या त्या घरासमोर कुणीतरी क्रॉस जाळला, गोऱ्या वंशद्वेष्ट्यांची ती धमकीची खूण. मग ली हॉलमध्ये विद्यार्थ्यांची सभा भरली आणि बस बहिष्कार ठरला, पुढे गावातले पाद्री सी. के. स्टील यांच्या नेतृत्वाखाली सगळा काळा समाज उतरला आणि महिनोन्‌महिने बस रिकाम्या फिरल्या. त्या दोघींवरची केस पोलिसांनी काय केली माहितीये? विद्यापीठाकडे ढकलली, की तुमच्या मुली आहेत तुम्ही बघा. म्हणजे चेंडू सरळ गोअर यांच्या अंगणात. पगार देणारं बोर्ड म्हणतंय पोरांना आवरा, पोरं म्हणतायत तुम्ही कुणाच्या बाजूला. १९६० मध्ये वूलवर्थ या दुकानातल्या फक्त गोऱ्यांसाठीच्या काउंटरवर बसून जेवण मागितलं म्हणून पकडलेल्या विद्यार्थ्यांनी दंड भरायला नकार दिला आणि त्यातले फॅम्यूचे पाचजण ४९ दिवस तुरुंगात राहिले. त्यांत पॅट्रिशिया स्टीव्हन्स होत्या, ज्यांना पुढे याच आंदोलनांपायी विद्यापीठानं निलंबितही केलं.

आता गोअर भित्रे होते का? जुने विद्यार्थी काही माफ करत नाहीत. मला स्वतःला वाटतं की त्यांनी हिशेब केला होता, आपण बोललो तर आपण जाऊ, पण आपल्या मागोमाग कदाचित कॉलेजही जाईल, आणि नवीन जो येईल तो बोर्डाचा पक्का माणूस असेल. यंग यांचं काय झालं ते डोळ्यांसमोर होतंच. तो हिशेब चूक होता असं १०० टक्के मला म्हणवत नाही. पण मी त्या ४९ दिवसवाल्या पोरांपैकी एकाचा बाप असतो तर गोअर यांच्याशी परत बोललो नसतो हेही तितकंच खरं.

साठचं दशक संपता संपता नवीनच भूत मानेवर बसलं, विलीनीकरण. आता भेदभाव कायद्याने संपला, मग एका गावात दोन सरकारी विद्यापीठं कशाला, फॅम्यूला फ्लोरिडा स्टेटमध्ये घालून टाका, असं गोडीगुलाबीनं म्हणायला लागले. बेंजामिन पेरी (१९६८ ते १९७७) यांची निम्मी कारकीर्द हे थोपवण्यात गेली. १९७१ मध्ये राज्याच्या नऊ विद्यापीठांपैकी एक पूर्ण भागीदार म्हणून फॅम्यूला मान्यता मिळाली, आणि त्याच साली काळ्यांसाठी चालणारं कॅम्पसवरचं हॉस्पिटल बंद झालं. पुढे वॉल्टर स्मिथ यांच्या वेळी १९८२ मध्ये फ्लोरिडा स्टेटबरोबर इंजिनिअरिंगचं संयुक्त कॉलेज निघालं, दोन सख्खे शेजारी एका सामाईक भिंतीसह, त्यावरून कुरबुर होणारच, आणि झाली.

१९८५. फ्रेडरिक हम्फ्रीज. फॅम्यूच्या माणसाला विचारा, चेहरा खुलतो.

हम्फ्रीज इथलेच विद्यार्थी, रसायनशास्त्राचे, आणि येण्याआधी टेनेसी स्टेटचे प्रेसिडेंट होते जिथे १९७९ मध्ये कोर्टाच्या आदेशाने उलटंच विलीनीकरण झालं होतं, म्हणजे नॅशव्हिलमधला गोऱ्यांचा कॅम्पस काळ्यांच्या विद्यापीठात घातला गेला. असं अमेरिकेत होत नाही. तर हा माणूस विलीनीकरणाला घाबरणारा नव्हता. आणि त्यांनी जे केलं ते आधी कुणी केलं नव्हतं, राज्याकडे बघायचंच सोडून ते थेट विद्यार्थ्यांकडे गेले. देशभरातले सगळ्यात हुशार काळे विद्यार्थी, नॅशनल अचीव्हमेंट स्कॉलर म्हणतात त्यांना, ते हार्वर्ड-येलला जायचे. हम्फ्रीज स्वतः गावोगाव जायचे, आईबापांना भेटायचे, पूर्ण स्कॉलरशिप तिथल्या तिथे देऊ करायचे. १९९० च्या दशकात एकापेक्षा जास्त वर्षं अशी आली की या यादीत फॅम्यूनं हार्वर्डला मागे टाकलं. विद्यार्थीसंख्या पाच हजारांच्या आसपासवरून दुपटीच्या वर गेली. १९८९ मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीच्या द्विशताब्दीला पॅरिसच्या संचलनात अमेरिकेकडून फॅम्यूचा मार्चिंग १०० बँड गेला. १९९७ मध्ये टाइम मासिक आणि प्रिन्स्टन रिव्ह्यूने 'कॉलेज ऑफ द इयर' म्हटलं. आणि ते हिरावून घेतलेलं लॉ स्कूल, ते परत देण्याचा कायदा २००० मध्ये झाला, २००२ मध्ये ऑर्लँडोत उघडलंसुद्धा.

पण (हा पण कुणी फारसा उच्चारत नाही) एवढं वाढलेलं घर चालवायला मागचं ऑफिस, हिशेब, ऑडिट, खरेदी, हे तेवढं वाढलं नाही. हम्फ्रीज होते तोवर त्यांच्या वजनावर चाललं. २००१ मध्ये ते गेले आणि भिंतीतली ओल दिसायला लागली.

त्याच २००१ मध्ये अजून एक गोष्ट झाली जी मला या आख्ख्या प्रकरणाची चावी वाटते. गव्हर्नर जेब बुश यांच्या काळात सगळ्या विद्यापीठांचं मिळून असलेलं बोर्ड ऑफ रीजेंट्स बरखास्त झालं आणि प्रत्येक विद्यापीठाला स्वतःचं ट्रस्टींचं बोर्ड मिळालं. ऐकायला स्वायत्तता. पुढे घटनादुरुस्तीनं वर परत बोर्ड ऑफ गव्हर्नर्स आलं आणि ट्रस्टींचं गणित ठरलं ते असं, एकूण १३, त्यातले ६ गव्हर्नर नेमणार, ५ बोर्ड ऑफ गव्हर्नर्स नेमणार, एक प्राध्यापकांचा आणि एक विद्यार्थ्यांचा. आणि त्या वरच्या १७ जणांच्या बोर्डात १४ गव्हर्नरनेच नेमलेले. म्हणजे फिरून भोपळे चौकात. ज्यांच्या जिवावर फॅम्यूचं फॅम्यूपण आहे ते माजी विद्यार्थी, जे वर्गणी काढतात, मॅचला बस भरून येतात, प्रत्येक प्रेसिडेंटला डोक्यावर घेतात किंवा पायाखाली, त्यांना हक्काची एकही खुर्ची नाही. मग त्यांच्याकडे उरतो तो आवाज. तो ते वापरतात.

परिणाम आकड्यांत बघा. १९०१ ते २००१, शंभर वर्षांत, काळजीवाहू सोडून प्रेसिडेंट झाले सात. २००१ नंतर पाव शतकात पाच, आणि मधल्या फटींत काळजीवाहू वेगळेच. फ्रेड गेनस २००२ ला आले, हिशेबांच्या गोंधळात २००४ ला काढले गेले. कॅस्टेल ब्रायंट काळजीवाहू म्हणून आल्या, सगळी घाण उपसली, उपसणाऱ्याला शिव्या पडतात तशा खाल्ल्या. २००७ मध्ये मान्यता देणाऱ्या संस्थेनं प्रोबेशनवर टाकलं. जेम्स अमन्स आले, हेही जुने विद्यार्थी, त्यांनी हिशेब जागेवर आणले, प्रोबेशन उठलं, आता जरा बरे दिवस म्हणेपर्यंत १९ नोव्हेंबर २०११, ऑर्लँडोत फुटबॉल मॅचनंतर बँडच्या बसमध्ये रॅगिंगच्या मारहाणीत २६ वर्षांचा ड्रम मेजर, म्हणजे बँडचा पुढारी, मेला. ज्या बँडनं पॅरिस गाजवलं तोच बँड.

त्यानंतरचा एक प्रसंग मला महत्त्वाचा वाटतो. डिसेंबरमध्ये गव्हर्नर रिक स्कॉट ट्रस्टींना म्हणाले, चौकशी होईपर्यंत अमन्सना निलंबित करा. मागणी चूक होती का? एक मुलगा मेलाय, मागणी चूक नव्हती. पण रात्री विद्यार्थी चालत गव्हर्नरच्या बंगल्यावर गेले, अमन्सच्या बाजूनं, आणि ट्रस्टींनी गव्हर्नरचं ऐकलं नाही. गव्हर्नरनं सांगितलं म्हणून आमचा प्रेसिडेंट जाणार नाही, १९२३ विसरलेले नव्हते लोक. पण या नादात खरा प्रश्न, बँडमध्ये वर्षानुवर्षं हे चालू होतं ते कुणाला माहीत होतं आणि कुणी डोळेझाक केली, तो बाजूला पडला. बाहेरच्या हस्तक्षेपाला विरोध करता करता आतल्या जबाबदारीवरच पांघरूण पडतं, फॅम्यूचा हा दोष आहे आणि तो फॅम्यूच्या चाहत्यांनीच मान्य करायला हवा. अमन्स यांनी शेवटी जुलै २०१२ मध्ये राजीनामा दिलाच, ज्या दिवशी त्या मुलाच्या आईवडिलांनी विद्यापीठावर केस केली त्याच दिवशी.

एल्मिरा मँगम २०१४ मध्ये आल्या, कॉर्नेलमधून, पहिल्या कायमस्वरूपी महिला प्रेसिडेंट. आल्या त्याच महिन्यात राज्याच्या सिनेटमध्ये संयुक्त इंजिनिअरिंग कॉलेज तोडायचा घाट घातला गेला. तो टळला. पण ट्रस्टींशी सूर जुळला नाही, २०१५ मध्ये त्यांना काढायचे ठराव आले आणि पडले, २०१६ मध्ये गेल्या. आणि प्रत्येक वेळी खुर्ची रिकामी झाली की लोकांना आठवण कुणाची? लॅरी रॉबिन्सन यांची. २००७ ला काळजीवाहू, २०१२ ला काळजीवाहू, २०१६ ला काळजीवाहू. शेवटी २०१७ मध्ये म्हणाले, राहा बाबा तूच. आणि खरं सांगायचं तर चांगलं चाललं होतं. सरकारी ब्लॅक विद्यापीठांत फॅम्यूचा नंबर वर्षानुवर्षं पहिला लागत होता.

सप्टेंबर २०२३ मध्ये बायडन सरकारच्या शिक्षण आणि शेती खात्यांच्या मंत्र्यांनी १६ राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रं लिहिली. १८९० च्या कायद्यातली 'न्याय्य वाटणी' तपासली, १९८७ ते २०२० या काळात तुमच्या राज्यात गोऱ्यांच्या लँड-ग्रँट (म्हणजे मॉरिल कायद्यांखालच्या) विद्यापीठाला दर विद्यार्थ्यामागे जेवढं मिळालं तेवढंच काळ्यांच्या विद्यापीठाला दिलं असतं तर किती जास्त मिळायला हवे होते, असा हिशेब मांडला. फॅम्यूच्या नावापुढचा आकडा जवळपास १९७ कोटी डॉलर. हे फक्त ३३ वर्षांचं. त्याआधीची शंभर वर्षं धरलीच नाहीत.

त्या पत्राला आठ महिने होतायत आणि समोर एक तरुण उभा राहून म्हणतोय, मी २३ कोटी देतो, फक्त कुणाला सांगू नका. रॉबिन्सन यांच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं? मी म्हणेन चार फोन केले असते. फाउंडेशनच्या बोर्डाला विश्वासात घ्यायला हवं होतं, त्यांचं कामच ते. पण हेही दिसतं की ट्रस्टींना सांगणं म्हणजे गव्हर्नरच्या माणसांना सांगणं, बातमी फुटणं, दाता पळणं, असा विचार करायची त्या खुर्चीची जुनी सवय. यंग यांनी वरच्यांपासून लपवून पदव्या दिल्या आणि कॉलेज वाचलं. रॉबिन्सन यांनी लपवून देणगी घेतली आणि तोंडघशी पडले. लपवायची कला तीच, पण यंग यांच्याकडे लपवण्यासारखं काहीतरी खरं होतं.

त्यानंतर वर्षभर टिमथी बिअर्ड काळजीवाहू. मग निवड सुरू झाली आणि शेवटच्या यादीत मार्वा जॉन्सन हे नाव दिसलं. वकील, केबल कंपनी चार्टरच्या सरकारी कामकाजाच्या अधिकारी, म्हणजे लॉबिस्ट, रिक स्कॉट यांनी नेमलेल्या राज्य शिक्षण मंडळाच्या माजी अध्यक्ष. विद्यापीठ चालवल्याचा अनुभव नाही. माजी विद्यार्थी पेटले, अर्ज, सभा, निषेध, फॅम्यू स्वस्तात विकताय का इथपर्यंत. बाजूनं बोलणाऱ्यांचा मुद्दा एकच, राज्याच्या तिजोरीची दारं या बाईंना पाठ आहेत आणि आपल्याला पैसा तिथूनच हवाय. वाईट मुद्दा नाही तो. दीडशे वर्षांत दाते शोधून झाले, जिथं खरं देणं बाकी आहे तिथं जाणारं कुणीतरी हवंच. प्रश्न फक्त एवढाच की ती मागायला जाणार, का निरोप घेऊन येणार.

१६ मे २०२५ ला ट्रस्टींनी मतदान केलं, ८ विरुद्ध ४, जॉन्सन निवडून आल्या. जूनमध्ये बोर्ड ऑफ गव्हर्नर्सनं शिक्का मारला आणि फॅम्यूला १३व्या प्रेसिडेंट मिळाल्या. टेकडीवरून राज्याचं कॅपिटॉल, म्हणजे विधानभवन, चालत जायच्या अंतरावर आहे.